उजवी पाकळी

मोरीच्या जाळीत अडकलेला पुंजका पार्वतीने दोन बोटांत धरून ओढला, आणि तो येतच राहिला. अंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत तुंबलं होतं; कोमट, साबणाचं, आपल्या आधी जे कोण न्हालं त्याचं. त्यात पाय ठेवून उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटावर जेवायला बसणं, असं तिला वाटलं आणि तिने ओठ मुडपले. पुंजका राखाडी, बुळबुळीत, उंदराचं पिल्लू पाण्यात मरून फुगावं तसा. ओढावा तसा लांबत गेला. शेवटी जाळीखाली काहीतरी सुटलं, घळकन आवाज झाला, पाणी गरगरत खाली गेलं आणि तिच्या हातात ओल्या केसांची एक दोरी लोंबत राहिली. फेकली मात्र नाही ती दोरी. जनेलाच्या, मोरीच्या खिडकीच्या, उजेडात धरली. आपले केस आपल्याला ठाऊक, पांढरे, सुतासारखे. सुनेचे मेंदीने तांबूस, मानेवर कापलेले. हे काळे होते, लांब होते, आणि एकेका केसाच्या टोकाला पांढरा ठिपका होता, उपटलेल्या रोपाला मूळ असावं तसा. हे केस तुटलेले नव्हते. मुळासकट आलेले होते.

“सुविधा! गो सुविधा! हय ये आधी. ह्या काय आसा?”

सुविधा हाताला पीठ घेऊन दारात आली. ती हायस्कुलात शिकवायची आणि सकाळच्या वेळी तिला कोणी हाक मारलेली खपत नसे. तिने दोरीकडे पाहिलं. नवल म्हणजे तिला किळस आली नाही.

“गौरवीचे,” ती म्हणाली.

“एवढे? मगे डोक्यार काय उरला तिच्या?”

“दोन वर्षं जातायत, आई. तुम्ही आज बघितलेत.” सासूच्या हातातून दोरी घेऊन तिने जुन्या कागदात गुंडाळली, जशी रोज गुंडाळत असावी तशी, आणि जाता जाता म्हणाली, “आवरा. कौलाला जायचंय ना तुम्हाला.”

तुम्हाला म्हणाली. आपल्याला नाही. पार्वतीने ते टिपून ठेवलं. सुनेचं असं काही टिपून ठेवायला तिच्या मनात एक स्वतंत्र डबा होता आणि त्याचं झाकण कधी गच्च बसत नसे. पण आज त्यात भर घालण्यात गोडी वाटेना. हात साबणाने धुतला, परत धुतला, राखेने घासावा म्हटलं तर या तिसऱ्या मजल्यावर राख कुठली. वास गेला नाही. वास केसांचा नव्हताच. कांद्याचा होता. आणि मग तिला आठवलं की गेलं वर्षभर पोरीच्या उशीला, टॉवेलाला, मागून गेली तर हवेलासुद्धा हा वास होता आणि आपण चारचौघांत बोललो होतो, काय गो, तू न्हातस की नाय, का सगळा अभ्यासच? पोरगी उठून आत गेली होती. केस राहावेत म्हणून आई तिच्या डोक्याला कांद्याचा रस चोळत होती, आणि हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं. घरात एवढं चाललेलं आणि आपल्याला पत्ता नाही. कुणाचा राग जास्त, लपवणाऱ्यांचा की न बघणाऱ्या आपल्या डोळ्यांचा, हे ठरेना, म्हणून तिने बाल्दी आपटली.

गौरवी तिची एकुलती नात. डॉक्टरकीच्या परीक्षेत तिने असा नंबर काढला की डिचोलीच्या बाजारात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड ढोलाएवढं आणि पोरीचं पोस्टाच्या तिकिटाएवढं, तरी पार्वती मुद्दाम दोनदा त्या वाटेने जाऊन आली होती. आता कॉलेज निवडायचं होतं. एक दिल्लीचं, ज्याचं नाव काढलं की शिकलेली माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात. दुसरं बांबोळीचं, आपलं गोव्यातलं, शनिवारी बसने घरी येऊन आमटी-भात जेवून जाता येईल असं. यादीत जे वर टाकील ते मिळेल एवढा तिचा नंबर होता, आणि आज संध्याकाळच्या आत संगणकात पक्कं करायचं होतं. निलेश, पार्वतीचा मुलगा, दिल्ली म्हणत होता. सुविधा बांबोळी म्हणत होती. पोरगी काही म्हणतच नव्हती.

“लोक देव पाण्यात ठेवतात त्या कॉलेजासाठी,” निलेश जेवताना म्हणाला होता. “आणि आपण मिळतंय तर नको म्हणायचं? उद्या कुठे गेली तरी विचारणार ना, कुठून शिकलीस?”

“आणि कशी आहेस, ते कोणी विचारणार नाही,” सुविधा म्हणाली. “कोट्याहून परत आली तेव्हा कशी दिसत होती आठवतं? बिस्किटांवर जगत होती ती तिथे. रात्रभर रडायची फोनवर.”

“रडणां म्हणजे काय मोठा?” पार्वतीने मध्ये तोंड घातलं होतं. “मी लगीन होवन पाळयेक इलंय तेव्हा काय नाचत इल्लंय? नाव म्हणजे नाव. सुख काय, येता नि जाता. नाव घराक चिकटान ऱ्हवता.”

आणि तिनेच तोड काढली होती, देवीला कौल लावायचा. गौरवीने ताटातून मान वर न करता विचारलं होतं, “देवीला रँक सांगायचा की नुसती कॉलेजं?”

“तोंड सांभाळ गो.”

“नाही, आपलं विचारते. कटऑफ माहीत असेल तर बरं.”

त्या दिवशी पोरगी हसली होती, एवढंच. पार्वतीलाही हसू आलं होतं पण तिने ते दाखवलं नाही. घरात दोन तट पडले की कौल लावायची त्यांच्याकडची रीत जुनी होती. थोरल्याने मनात धरायचं, उजवी पाकळी कशासाठी आणि डावी कशासाठी. कुणाला सांगायचं नाही, भटालासुद्धा नाही, म्हणजे भटाला कोणी फितवला असं मागाहून कुणी म्हणायला नको. भट देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवणार, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी पडेल तो देवीचा शब्द. मग थोरल्याने तोंड उघडायचं. या घरात थोरली पार्वती. आणि तिने धरून ठेवलेलं होतं: उजवी दिल्ली, डावी बांबोळी. उजवं ते उजवंच.

जिन्यात खालच्या मजल्यावरची मालती दार उघडं टाकून उभीच होती, हातात पोदेराकडचे उंडे, गोल फुगलेले पाव. हिला गंध कसा लागतो देव जाणे. पार्वतीची ठेवणीतली साडी वरपासून खालपर्यंत बघून घेऊन ती म्हणाली, “काय पार्वतीबाय, दिल्लीक कधी?”

“कळतला.”

“नाय, म्हणान सांगतंय. माझ्या भाच्याचा चेडू गेल्ला थंय. परत इला. हवा लागूक नाय म्हणता.”

“तुझ्या भाच्याच्या चेडवाक घरचीच हवा लागणा नाय,” पार्वती म्हणाली, “दिल्लीची खंयची लागतली?”

मालतीचं तोंड उंड्यासारखं झालं. एरवी अशा एका वाक्यावर पार्वतीचा दिवस निघाला असता. आज ते वाक्य तोंडातून गेल्यावर तोंड कडू झालं. कारण गाडीपाशी गौरवी उभी होती, डोक्याला ओढणी गुंडाळून, उन्हाने डोळे बारीक करून, आणि बोटाच्या नखाकडची साल दातांनी सोलून थुंकत होती. थू. थू. बारीक बारीक. ही मुलगी दुसऱ्याच्या जखमा शिवणार.

गाडीत दोघी मागे बसल्या. निलेश आणि सुविधा पुढे, एकमेकांशी न बोलता. कांद्याचा वास काचा बंद केल्यावर दाट झाला. पाळी गावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना मातीचे ते डोंगर सुरू झाले, खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे, आता वरून झुडपं उगवलेले, तरी पोटातून तांबडेच. कितीही हिरवळ येऊ दे, पार्वतीला ते सडलेल्या फणसासारखे दिसत. खाण बंद पडली, घरचे ट्रक गंजले, गंजलेले विकले, डिचोलीत हा फ्लॅट घेतला, निलेशने हार्डवेअरचं दुकान टाकलं. पण पाळी तिच्या दाढेखालून गेली नाही. लग्न होऊन आली त्या रात्रीच्या पहिल्या घासाला भातात कचकन दाताखाली आलं ते अजून तिथेच होतं. तांदूळ कितीही धुवा, धूळ असायचीच. पेजेत असायची, पांघरुणात असायची, निलेश तान्हा होता तेव्हा त्याच्या बेंबीत असायची. पांढरं म्हणून काही धुवायला गेलं की दोरीवर वाळताना विटकरी व्हायचं. विहिरीचं पाणी चहा असल्यासारखं. आणि घराचं नाव मोठं. मुकादमाचं घर म्हटलं की खाणीवरचा घाटी कामगार, बेळगावकडचा, कोल्हापूरकडचा, उठून उभा राहायचा. सासऱ्यासाठी उठायचा, नवऱ्यासाठी उठायचा, पुढे पुढे तिच्यासाठीसुद्धा. तिला आवडायचं ते. खोटं कशाला? पहिल्यांदा माणसं उठली तेव्हा तिने पदर खांद्यावर नीट घेतला होता आणि मनात म्हटलं होतं, हं. पण सकाळ झाली की नवऱ्याची पितळेची पिकदाणी तिलाच घासायला लागायची. नवरा, निवृत्ती, रात्रभर खोकायचा आणि थुंकायचा, आणि त्याची थुंकी तांबडी असायची, रक्ताची नव्हे, मातीची. बोट घालून तळाचं खरवडायला लागायचं. मोठ्या नावाची थुंकी. ती घासताना ती तोंडाने श्वास घ्यायची, आणि तोंडाने घेतलं की चव लागायची.

तिचं माहेर हरमलचं. समुद्रापासून दोन माडांवर घर. आता भावाने तिथे खोल्या बांधल्यात, परदेशी माणसांना भाड्याने देतो, आई जिथे कोकमाची सोलं वाळवायची तिथे दोरीवर कुणाकुणाची वीतभर चड्डी वाळत असते, ते बघून पार्वती गेल्या खेपेला पाणीसुद्धा न पिता उठून आली होती. पण तेव्हा ते घर खारं, स्वच्छ होतं. पायाला लागलेली वाळू झटकली की जायची. झटकून जात नाही अशी धूळ जगात असते हे तिला पाळीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. दोन स्थळं आली होती. एक पाळीचं, मुकादमाच्या घरचं. दुसरं नारायणचं, केरीच्या तरीवर होडी चालवणाऱ्याचं. नारायणचं तोंड आता तिला आठवत नव्हतं. आठवायचा एक ओला काथ्याचा वास, आणि एवढं की एकदा होडीत चढताना ती घसरली तेव्हा तो हसला नव्हता, आणि मग ती स्वतःच हसली तेव्हा खदखदून हसला होता. आई म्हणत होती नारायण, डोळ्यासमोर राहील पोर. बाप म्हणत होता घराणं. मग बापाने कौल लावला. तेव्हाही रीत हीच, थोरल्याने मनात धरायचं. पार्वती खांबाला टेकून उभी होती. पाकळी पडली. भटाने विचारलं, काय धरलं होतंस? आणि बाप लगेच बोलला नाही. एकदा त्याने ओठांवरून जीभ फिरवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाला, पाळी. तेवढाच. ओठ ओले करण्याएवढा वेळ. त्या वेळात काय होतं हे तिने बापाला कधी विचारलं नाही. बाप गेला. प्रश्न दाढेतल्या कचकचीसारखा राहिला, आणि त्याच्यावर तिने सगळा आपला ताठा बांधला. नाव म्हणजे नाव. ते खोटं असेल तर मग तिने इतकी वर्षं घासलं काय?

“आजी,” गौरवी हळूच म्हणाली, बाहेर बघत. “तुला काय हवंय?”

“माका काय होया? देवी सांगतली.”

“देवी सांगेलच. तुला विचारते.”

“तुका काय होया ता आधी बोल.”

पोरीने ओठ उघडले. पुढे निलेशची मान ताठ झालेली मागून दिसली. तिने परत मिटले. “काही नाही,” म्हणाली. “पप्पांनी सगळ्यांना दिल्ली सांगून ठेवलंय. तू पण.”

देवळात गारवा होता, आणि गाभाऱ्याच्या दाराशी कालच्या फुलांचा, खवट तेलाचा, वाघळांच्या लेंड्यांचा असा एक मिसळलेला वास, जो पार्वतीला एरवी भक्तीचा वाटायचा. आज तो नुसता वास होता. गुरुदास भट घाईत होता. त्याच्या कमरेला खोचलेला मोबाइल सारखा थरथरत होता आणि तो दरवेळी पोटावर थाप मारून त्याला गप्प करत होता.

“धरलंत मनात, पार्वतीबाय?”

“धरला.”

“बदलू नका हां मागाहून. देवीशी खेळ नको.”

“माका शिकयतस? तुझ्या बापाकडसून कौल घेतलंय मी हय.”

त्याने पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या काळ्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घातलं. बा देवी माये, हे लेकरू तुझं, ह्या घराने तुझ्यापुढे पदर पसरलाय, त्यांच्या मनात काय आहे ते तू जाणतेस, वाट दाखव. पाकळ्या पडेनात. पाण्याचा एक ओघळ देवीच्या खांद्यावरून उतरला आणि कमरेपाशी सुकला. निलेश या पायावरून त्या पायावर गेला. सुविधाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते, ती काय मागते आहे ते सगळ्या देवळाला ठाऊक होतं. गौरवी सगळ्यांच्या पुढे, पार्वतीच्या अगदी समोर उभी. वाकताना तिची ओढणी मागे सरकली होती.

आणि पार्वतीला ते दिसलं. टाळूच्या मागे, भांग संपतो तिथे, पोफळाएवढा एक चट्टा होता. केस नव्हतेच. कातडी पांढरी, चकचकीत, सोललेल्या कोंबडीच्या अंगावर पिसांची भोकं दिसतात तशी भोकं. तिने नजर काढून देवीवर लावली, पण नजर परत तिथेच आली, किडक्या दाताकडे जीभ जाते तशी. तेवढ्यात पोरीचा हात वर गेला. तिचं लक्ष पाकळ्यांवर होतं, हात आपला आपण गेला, जुन्या वाटेने गुरं गोठ्यात जातात तसा. दोन बोटांनी चट्ट्याच्या कडेचा एक केस शोधला, त्याला पीळ दिला, आणि उपटला. डोकं जरासुद्धा हललं नाही. केस बोटाभोवती गुंडाळला, तोंडाशी नेला, आणि मुळाकडचं टोक दातांमध्ये धरून कुरतडलं. मग परत हात वर. परत एक.

शी, असं पार्वती बोलणार होती. बोलली असती तर सगळं देऊळ वळलं असतं. केस गळत नव्हते तर. कांद्याने काय होणार होतं? पोरगी स्वतःला उपटत होती, देवीच्या समोर, आईच्या शेजारी, बापाच्या पुढ्यात, आणि कुणाला दिसत नव्हतं. तिने खांब धरला. खांबाला चुना लावलेला होता. चुन्याचा गार, कोरडा स्पर्श तळव्याला लागला आणि तोंडात एकदम लाळ सुटली, अशी सुटली की तिला स्वतःचीच भीती वाटली. पाळीच्या घरात जात्यामागच्या भिंतीला एक खळगा होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो तिने नखाने पाडलेला. सगळी झोपली की दुपारी तिथे जाऊन बसायची आणि भिंतीचा चुना खरवडून खायची. चिमटीने, मग मुठीने. जिभेला चटके बसायचे, हिरड्या सोलायच्या, तरी खायची. का ते तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात पांढरं असं तेवढंच होतं. खळगा वाढला तेव्हा तिने त्याच्यावर सूप टांगलं, आणि ते सूप जन्मभर तिथून कुणाला हलवू दिलं नाही. मुकादमाची सून, जिला बघून माणसं उठून उभी राहायची. कोण बघणार होतं सुपामागे?

“पडली!” गुरुदास म्हणाला. “उजवी!”

उजवी पाकळी देवीच्या पायाशी पडलेली होती. डावी जिथल्या तिथे, घट्ट.

“छान सरळ कौल दिला देवीने. बोला पार्वतीबाय, काय धरलं होतं?”

निलेश हसला, कारण आईला तो ओळखून होता. आई आपलं माप उजव्या पारड्यातच टाकणार. सुविधाने डोळे उघडले आणि ते कोरडे होते, ज्याला आधीच कळलंय त्याचे असतात तसे. गौरवी वळली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक केस चिकटलेला होता.

पार्वतीने ओठांवरून जीभ फिरवली. फिरवली आणि तिला समजलं की ती हे काय करते आहे. एवढाच होता तो वेळ. ओठ ओले करण्याएवढा. या एवढ्याशा फटीत बाप उभा होता एकदा, आणि त्यात इतकी जागा असते हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. तिने देवीकडे पाहिलं. तुझा डोक्या पाषाणाचा, मनात म्हणाली. तुका केस नाय. तुका काय कळतला? काय करूचा ता माझा कर.

“बांबोळी,” ती म्हणाली.

गुरुदासच्या पोटावर मोबाइल थरथरला, त्याने थाप मारली नाही.

“आई,” निलेश म्हणाला. “नक्की?”

“नक्की म्हणजे? माझ्या मनातला मीच धरलंय मरे. तू काय आत शिरून बघलस?”

“पण तू तर... सगळ्यांना दिल्ली म्हणून...”

“मी म्हणी होतंय. देवी नाय म्हणी. आता देवीक शिकव जा तुझा हार्डवेअर.”

सुविधाने सासूकडे पाहिलं, आणि पार्वतीला ते पाहणं सोसवेना. ती कृतज्ञता होती की संशय, काही का असेना, दोन्ही सारखीच चिकट. “अशी बघतस काय?” ती खेकसली. “चल. संगणक का फिंगणक करूचा ना?” पोरगी मात्र जागची हलली नाही.

“आजी, उजवी बांबोळी धरलीस तू?”

“मगे काय डावी?”

पोरीने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. हुशार होती, सगळ्या देशात नंबर काढलेली. पार्वतीने नजर खाली घातली नाही, आयुष्यात कधी घातली नव्हती. हात पुढे करून फक्त पोरीच्या ओठावरचा तो केस काढला, ओला, आणि आपल्या साडीला पुसला.

पडलेली पाकळी भटाने रीतीप्रमाणे थोरलीच्या हातात दिली. प्रसादाची पाकळी केसांत माळायची, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवायची. पार्वतीने ती मुठीत धरली. गाडीत बसल्यावरही मूठ उघडली नाही. आत ती घामेजत होती, मऊ पडत होती, सकाळच्या पुंजक्यासारखी बुळबुळीत. ही दिल्लीची पाकळी. देव्हाऱ्यात ठेवली तर रोज समोर येणार. पोरीच्या केसांत माळली तर ते आणखी एक पाप. काचेतून टाकावी तर प्रसाद, टाकायचा नसतो. तांबडे डोंगर मागे जात होते. मालती जिन्यात उभी असणार. तिला काय सांगायचं ते ठरवायला हवं होतं. दिल्लीक हवा बरी नाय म्हणान तूच सांगितलंस ना गो? हं, हेच. मालतीच्या तोंडावर हेच फेकायचं. पोदेराला सांगायला लागेल, हरमलला भावजय फोन करून गोड गोड विचारील. नावाचं सगळं हसं होणार, आणि ते आपण स्वतःच्या तोंडाने केलं. तिला स्वतःची किळस आली, मग देवीची, मग बापाची. त्या दिवशी नारायणचीच पाकळी पडली होती आणि बापाने पाळी सांगितली, हे तिला आता, या गाडीत, एकदम पक्कं कळलं. पक्कं कळलं तरी ते तिला कधीच कळणार नव्हतं.

तिने मूठ तोंडाशी नेली आणि पाकळी तोंडात टाकली. शिळं पाणी, तेल, दगड. कडू. चावली, जिभेला चिकटली, परत चावली आणि गिळली. पुढे आरशात सुविधाने पाहिलं असेल तर पाहिलं.

वाटेत एका फाट्यापाशी खांद्यावर काहीतरी जड आलं. गौरवीला झोप लागली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं सैल, कशालाच धरून न ठेवणारी. कांद्याचा वास थेट नाकात घुसला. तो चट्टा पार्वतीच्या गालाला टेकला, गार, उघडा. पोरीचं तोंड उघडं पडलं आणि थोड्या वेळाने लाळ गळायला लागली, आधी थेंब, मग धार, ठेवणीतल्या साडीच्या खांद्यावरून आत, ब्लाउजात, कातडीपर्यंत. कोमट, आणि मग गार होत जाणारी. पार्वतीच्या अंगावर काटा आला. ही साडी आता धुवायला टाकावी लागणार. तिने ओठ मुडपले आणि नाकाने श्वास घ्यायचं थांबवलं. पदर पुसायला वर उचलला होता, तो तिथेच धरून राहिली.

“निलेशा,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “सावकाश चालय. खड्डे आसत.”